आइनस्टाइन इन्स्टिट्यूट: गोल्म की हॅनोव्हर?

तिसराबाक:

नमस्कार. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जनरल रिलेटिव्हिटी हा एकच पेपर असा, की ज्याच्या आदल्या रात्री मला शांत झोप लागली. याच विषयात पीएचडी करायचं डोक्यात आहे आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्थेत, म्हणजे सगळे ज्याला अल्बर्ट आइनस्टाइन इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, अर्ज करायचाय. पण संस्था एक आणि पत्ते दोन! एक पोट्सडॅमजवळच्या गोल्मचा, दुसरा हॅनोव्हरचा. वेबसाइट वाचून वाचून डोळे दुखले, तरी नेमका फरक काय ते कळेना.

माझं गणित बरं आहे. हाताच्या कामाचं म्हणाल तर घरचा फ्यूजसुद्धा बाबाच बदलतात. सर म्हणतात, "थिअरीला जाऊ नकोस, नोकऱ्या नाहीत." मित्र म्हणतो, "गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, २०१५ला सापडल्या, २०१७ला नोबेलही वाटून झालं. आता तू जाऊन काय उष्टी काढणार?" यावर मला उत्तर सुचलं नाही, ते जास्त लागलं.

तिथे राहिलेलं, काम केलेलं कुणी आहे का इथे?

आजोबा_७१:

बाळा, मी तिथे कधी गेलो नाही. बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, तेवढ्या भांडवलावर लिहितो. आम्ही शिकत होतो तेव्हा या लहरी पकडायला वेबर यांनी टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या दंडगोलांची फार चर्चा होती. १९६९मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचं जाहीर केलं. मग इतरांनीही तसलेच दंडगोल टांगले, आणि कुणालाच काही सापडेना. आमचे सर म्हणायचे, हा विषय तुमच्या हयातीत काही मार्गी लागत नाही. सरांचा अंदाज चुकला, त्याचा आनंद आहे.

एक भाबडी शंका. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, औंढा नागनाथला लायगो-इंडिया हा लहरी पकडणारा डिटेक्टर होऊ घातलाय, मग एवढ्या लांब कशाला? विरोध नाही, कुतूहल म्हणून विचारतो.

आणि जाता जाता एक फुशारकी. माझा जुना कॉम्प्युटर रात्रभर याच संस्थेची चाकरी करतो. 'आइनस्टाइन ॲट होम' म्हणून २००५पासून चाललेला प्रकल्प आहे. तुमचा कॉम्प्युटर रिकामा असला की ते त्याला डेटाचा एक तुकडा चघळायला देतात. २०१०मध्ये अशाच घरगुती कॉम्प्युटरांनी एक नवा पल्सार (नियमित स्पंदनं पाठवणारा फिरता तारा) शोधून काढला होता. माझ्या कॉम्प्युटरने अजून काही शोधलेलं नाही. विजेचं बिल मात्र आमच्या सूनबाईंनी बरोब्बर शोधलं.

इनबुस:

तिसराबाक, मी आहे. हॅनोव्हरला २०१४ ते २०१९, लेझरच्या बाजूला. त्यामुळे जे लिहिते ते एकतर्फी आहे असं धरूनच वाच. गोल्मचं कुणी इथे असेल तर येईलच भांडायला.

आधी पत्त्यांचं कोडं. संस्था १९९५मध्ये पोट्सडॅमला सुरू झाली. सुरू करणारे युर्गेन एलर्स, हाडाचे सापेक्षतावादी, कागद-पेन्सिलवाले. १९९९मध्ये ती गोल्मच्या आवारात गेली. हॅनोव्हरच्या विद्यापीठात कार्स्टेन डान्समान यांचा गट इंटरफेरोमीटर (लेझरचा किरण दुभंगून दोन दिशांना पाठवायचा, परत आणून जुळवायचा आणि लांबीतला बारीकसा फरक मोजायचा, असं यंत्र) बांधतच होता, त्याच्याभोवती २००२मध्ये दुसरी शाखा निघाली. आडनाव एक, चुली दोन. एका घरात समीकरणं, दुसऱ्या घरात पाने-पकडी, मध्ये दोन-अडीचशे किलोमीटर.

आता माझा पहिला आठवडा सांगते. जीईओ ६०० हा त्यांचा स्वतःचा डिटेक्टर. जर्मन लोक त्याला 'गेओ' म्हणतात. (पुढे एकदा फोनवर मी 'जिओ' म्हणाले, तर आईला वाटलं मी मोबाइल कंपनीत लागले.) हॅनोव्हरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, झारश्टेट गावाजवळ. मी डोक्यात काहीतरी भव्यदिव्य घेऊन गेले होते. समोर दिसलं ते शेत. शेताच्या कडेने लांबच लांब चर, त्यावर झाकण, आणि चरातून गेलेली साठ सेंटिमीटर व्यासाची स्टीलची नळी. कॅनॉलच्या कडेने पाइपलाइन जाते ना, अगदी तशी. तशीच दुसरी नळी दुसऱ्या दिशेला, आणि दोन्ही मिळतात तिथे एक बसकी इमारत. मनात म्हटलं, एवढंच?

मग दाखवायला आलेल्या माणसाने सांगितलं की नळीचा पत्रा ०.८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे तुझ्या खिशातल्या एटीएम कार्डाएवढा. आत निर्वात, बाहेर अख्ख्या वातावरणाचा दाब, मध्ये एटीएम कार्ड. मग नळी चेपत कशी नाही? तर तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत आडव्या वळ्या पाडल्यात, त्या वळ्यांनी तिला ताठ धरलंय. मी खाली वाकून बराच वेळ त्या वळ्यांकडेच बघत राहिले. त्या दिवशी मला विषय आवडला. कृष्णविवरं नंतर आवडली.

अमेरिकेतल्या लायगो डिटेक्टरांच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या, गेओच्या सहाशे मीटरच्या. शिवाय दोन भुजांमध्ये धड काटकोनसुद्धा नाही, चौऱ्याण्णव अंशांच्या वर जातो. माझं मत विचारशील तर लांबी कमी पडली म्हणूनच तिथे डोकं जास्त चाललं. तिथे आरसे टांगलेत ते काचेच्या धाग्यांवर. एकेक आरसा ५.६ किलोचा, धागा जेमतेम पाव मिलिमीटरचा. हा धागा वजन आरामात पेलतो, पण त्याला नुसतं बोट लावून बघ. पृष्ठभागावर ओरखडा उठला की संपलं. ही युक्ती ग्लासगोच्या लोकांची, ते गेओत भागीदार आहेत. लायगोचे चाळीस किलोचे आरसे आज याच धर्तीच्या धाग्यांवर लोंबकळतात. लायगोत २०१५ला जो लेझर होता, तोही हॅनोव्हरच्या लोकांनी घडवलेला. तेव्हा "लहरी अमेरिकेत सापडल्या" असं कुणी म्हणालं की मी जरा घसा खाकरते.

तुझ्या मित्राच्या उष्ट्यांकडे येते.

लायगोने पकडलेल्या पहिल्या लहरीने चार किलोमीटरची भुजा किती हलली असेल? प्रोटॉनच्या व्यासाचे काही शे भाग कर, त्यातल्या एका भागाएवढी. एवढं मोजायचं म्हणजे बाकी काहीही हलता कामा नये. आणि बाकी सगळंच हलतं. जमीन हलते, आरशाचे अणू हलतात, लेझर स्वतः थरथरतो. एवढंच कशाला, प्रकाश कणाकणाने येतो, पत्र्यावर पाऊस पडावा तसा, त्याचाच एक गोंगाट असतो. म्हणून तिथे 'लहरी शोधणारी' माणसं तुला फारशी भेटायची नाहीत, सगळे नॉइज शोधत असतात. पावसाचा तो तडतडाट दाबायला गेओमध्ये २०१०पासून 'स्क्वीझ्ड' म्हणजे पिळलेला प्रकाश वापरतात. थेंब थोडे शिस्तीत पडतात, त्या बदल्यात अनिश्चितता दुसऱ्या एका राशीत ढकललेली असते, जिचा आपल्याला तितकासा त्रास नाही. लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरने हे नियमित वापरायला घेतलं २०१९मध्ये.

माझ्या टेबलावरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती गोंगाट आहे त्या आलेखात, एक उंचवटा आला. टेकडीसारखा, रुंद, मस्त बसलेला. तीन आठवडे मी त्याच्या मागे. वीजपुरवठा बदलला, केबल बदलल्या, एसी बंद करून बसले, रविवारी रात्री येऊन मोजलं. टेकडी जागच्या जागी. एकदा वैतागून टेबलावर वाकले आणि बाहीने काहीतरी अडवलं असणार, टेकडी गायब! हात काढला, टेकडी हजर.

आमचा लेझर १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक छोटं कार्ड असतं, त्यावर किरण पडला की नारिंगी ठिपका उमटतो. ते कार्ड घेऊन इंच इंच फिरवत गेले. एका भिंगाच्या मागच्या पृष्ठावरून जरासा प्रकाश परत फिरत होता, तो लांब कोपऱ्यातल्या एका स्क्रूच्या डोक्यावर आपटून थेट माझ्या फोटोडायोडमध्ये, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या डोळ्यात, शिरत होता. स्क्रू केबलच्या क्लिपचा. क्लिप सैल होती, म्हणून हलत होती. ती कुणी बसवली होती? मीच. दोन महिन्यांपूर्वी, घाईत. स्क्रू आवळला, काळ्या पत्र्याचा एक तुकडा मध्ये उभा केला आणि विषय संपला. तीन आठवडे आणि अर्धं मिनिट.

आयडी का असला असं बरेच जण विचारतात. ॲलन कीला जर्मनीत इनबुस म्हणतात. संस्थेत सगळा कारभार इंग्रजीत चालतो, पण वर्कशॉपमध्ये तुला हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळावी असं वाटत असेल तर स्क्रूंची नावं जर्मनमधून शीक. मी शिकलेला पहिला जर्मन शब्द हाच.

हाताच्या कामाची सवय नाही म्हणून घाबरू नकोस. मीही गेले तेव्हा सोल्डरिंग आयर्न उलटं धरलं होतं. प्रश्न एवढाच, की तीन आठवड्यांनी तो स्क्रू सापडल्यावर तुला आनंद होईल की तीन आठवडे गेले म्हणून रडू येईल?

तिसराबाक:

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. खरं सांगू? दोन्ही होईल असं वाटतं.

पहिली लहर पकडली त्या १४ सप्टेंबर २०१५ला तुम्ही तिथेच होता म्हणजे! काय घडलं त्या दिवशी? आणि आजोबांचा आयुकाचा प्रश्न माझाही आहे.

इनबुस:

तिथे होते आणि मला ढिम्म काही कळलं नाही. गॉगल लावून टेबलावर वाकलेली असणार.

ज्याला कळलं तो मार्को द्रागो, हॅनोव्हरचाच इटालियन पोस्टडॉक. दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना सिग्नल आला आणि तीनेक मिनिटांत त्याच्याकडे प्रोग्रॅमची आपोआप जाणारी मेल पोचली. त्याने आलेख उघडला तर सिग्नल इतका स्वच्छ की त्याचा विश्वासच बसेना. या क्षेत्रात मुद्दाम खोटे सिग्नल घालायची पद्धत आहे, माणसं जागी आहेत का ते बघायला. २०१०मध्ये असाच एक आला होता. लोकांनी महिनोन् महिने विश्लेषण केलं, पेपर लिहून तयार ठेवला, आणि पुढच्या वर्षी पाकीट फोडलं तर आत चिठ्ठी: खोटा होता. त्यामुळे द्रागो आधी सहकाऱ्याच्या, अँड्र्यू लुंडग्रेनच्या खोलीत गेला. दोघांनी तपासलं, कुठे खोटा सिग्नल घातल्याची नोंद नाही. मग लायगोच्या अमेरिकेतल्या दोन्ही कंट्रोल रूमना फोन लावले, तिकडे पहाट. उचलला फक्त लिव्हिंगस्टनने. तिथेही सगळं नेहमीसारखं. तासाभराने त्याने सगळ्यांना मेल टाकून विचारलं, कुणी मुद्दाम घातलाय का?

मला यातली गंमत अशी वाटते: जगात पहिल्यांदा लहर बघणारा माणूस हॅनोव्हरमध्ये बसलाय, आणि वीस किलोमीटरवरच्या आमच्या गेओला तिचा पत्ता नाही. तो तेव्हा निरीक्षणावर नव्हता, आणि असता तरी त्याच्या कानांना एवढं बारीक ऐकू आलं नसतं.

माझ्यापर्यंत बातमी आली काही दिवसांनी, आणि मग ११ फेब्रुवारीला शोध जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. पाच महिने! घरून फोन आला की "नवीन काय?" "काही नाही, थंडी पडलीय." वडिलांना अजून राग आहे त्याचा.

बिलिंग यांचं नाव ऐकलंयस? हाइन्झ बिलिंग. आजोबांनी वेबर काढले म्हणून आठवले. वेबर यांच्यासारखे दंडगोल जर्मनीत टांगून "आम्हाला तर काहीच दिसत नाही" असं सांगणारे ते. त्यानंतर गडी इंटरफेरोमीटरकडे वळला. म्युनिकजवळ गार्खिंगला तीस मीटरचा नमुना त्यांच्याच गटाने उभा केला, गेओचं मूळ तिथलं. लहरी सापडेपर्यंत मी मरत नाही, असं त्यांनी डान्समानना सांगून ठेवलं होतं. बातमी आली तेव्हा ते १०१ वर्षांचे होते. २०१७च्या जानेवारीत गेले.

आयुकाचं उत्तर माझ्यापेक्षा कुणी थिअरीवाला नीट देईल.

लोकलप्रवासी:

बोलावलंत, आलो. गोल्ममध्ये तीन वर्षं पोस्टडॉक होतो. 'पाने-पकडी' आणि 'समीकरणं' ही विभागणी इनबुसताईंनी जितकी सोपी करून टाकली तितकी नाही, पण जाऊ दे.

गोल्म म्हणजे काय, तर रेल्वे स्टेशन, शेजारी विद्यापीठाचं आवार, माक्स प्लांकच्याच आणखी दोन संस्था, आणि बाकी शांतता. बाहेरून यंत्र म्हणून दाखवण्यासारखं काहीही नाही. घरचे आले होते तेव्हा मी त्यांना फळा दाखवला.

पण त्या फळ्यावर काय चालतं ते ऐक. डिटेक्टरच्या गोंगाटात लहर दडलेली असते. कशी दिसते ते आधीच माहीत असेल तरच ती गोंगाटातून उपसता येते. म्हणून साचे लागतात. इतक्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, अशी अशी फिरणारी, एकमेकांत विलीन झाली तर लहर कशी येईल, याचा एक साचा. वस्तुमान बदललं की दुसरा. पहिल्या शोधाच्या वेळी असे सुमारे अडीच लाख साचे लावून पाहिले होते.

आणि साचा काढणं हेच दुखणं. आइनस्टाइनची समीकरणं १९१५ची. दोन कृष्णविवरं घिरट्या घालून एकत्र येतात, एवढं एक गणित कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत नीट चालवायला २००५ उजाडलं, तेही प्रिटोरियस यांनी एकट्याने करून दाखवलं. तोवर जगभरातले प्रोग्रॅम मध्येच कोसळायचे. गोल्मचा गटही नव्वदच्या दशकापासून यात होता. प्रत्येक साचा असा पूर्ण सोडवत बसलो तर जन्म जाईल, म्हणून बुओनानो आणि दामूर यांनी १९९९मध्ये एक आडवाट काढली: दोन वस्तूंचं गणित एका वस्तूच्या गणितात बसवायचं. अलेस्सांद्रा बुओनानो २०१४पासून गोल्मला संचालक आहेत. आजचे कितीतरी साचे त्या आडवाटेनेच येतात.

आजोबा, आता आयुका. साचे लावून लहर शोधायची कशी, किती साचे लागतील, ते किती अंतरावर ठेवायचे, याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याचे संजीव धुरंधर आहेत. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा पेपर १९९१चा, म्हणजे आमची संस्था जन्मायच्याही आधीचा. तेव्हा आयुकाला जा, अवश्य जा, कुणी कमी लेखू नये. गोल्मला जायचं कारण वेगळं: एका मजल्यावर साचे बनवणारे, डेटा चाळणारे, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचं गणित करणारे एकत्र बसलेले. चहाला गेलात तरी तीन पेपर ऐकून परत येता.

नोकऱ्यांबद्दल तुझे सर निम्मे बरोबर. कायमच्या जागा कमी, फारच कमी. माझ्या बरोबरचे निम्मे आज बँकांचा नाहीतर दवाखान्यांचा डेटा चाळतात आणि सुखात आहेत. पण इनबुसताईंच्या बाजूलाही कायमच्या जागा काही झाडाला लागलेल्या नाहीत.

अर्ज करताना बघायच्या दोन गोष्टी. पहिली, माक्स प्लांक पदवी देत नाही. पदवी विद्यापीठाची, हॅनोव्हरला लाइबनित्स विद्यापीठाची, इकडे बहुधा पोट्सडॅम नाहीतर बर्लिनच्या हुंबोल्टची. काम संस्थेत, पगारी कराराने. दुसरी, आणि ही कुणी सांगत नाही: माक्स प्लांकमध्ये विभाग संचालकाभोवती उभा राहतो. संचालक निवृत्त झाला की विभागाचा विषयच बदलू शकतो. म्हणून ज्याच्याकडे जायचंय त्याच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते गुपचूप मोजून घे.

इनबुस:

लोकलप्रवासी, मुद्दा मान्य. पण एक राहून गेलं. १४ सप्टेंबरला पहिली घंटा वाजवली ती कुठलाही साचा न वापरणाऱ्या प्रोग्रॅमने. 'दोन्ही डिटेक्टरमध्ये एकाच वेळी काहीतरी वळवळलं' एवढ्यावर. तुमचे अडीच लाख नंतर आले. :)

लोकलप्रवासी:

आले ते खात्री घेऊन आले. ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरं, विलीन होऊन ६२, उरलेले तीन सूर्य लहरींत गेले, हे तुमच्या वळवळीने सांगितलं का? :)

तिसराबाक:

तुम्ही दोघं भांडत राहा, मला फार उपयोग होतोय.

म्हणजे मित्राला काय सांगू? उरलंय काय?

इनबुस:

लिसा सांग. अवकाशात तीन यानं, एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर, मध्ये लेझर. युरोपियन अवकाश संस्थेने जानेवारी २०२४मध्ये पक्कं केलंय, उड्डाण २०३५च्या सुमाराला. जमिनीवर जे कधीच ऐकू येणार नाही ते ऐकायला, आकाशगंगांच्या पोटातली लाखो सूर्यांची कृष्णविवरं वगैरे. आधी चाचणी म्हणून लिसा पाथफाइंडर गेलं, ३ डिसेंबर २०१५ला. त्यात सोनं-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे, ४.६ सेंटिमीटरचे, कशालाही न टेकता तरंगत ठेवलेले आणि त्यांच्यातलं अंतर लेझरने मोजायचं. त्या मोजमापाची जबाबदारी हॅनोव्हरची. ठोकळे अपेक्षेहून कितीतरी शांत निघाले. हिशेब कर, तुझी पीएचडी संपेल तेव्हा लिसा अजून जमिनीवर असेल आणि माणसं हवी असतील.

आणि घरच्यांनी उपयोग विचारला तर? तसलाच लेझर २०१८पासून ग्रेस फॉलो-ऑनच्या दोन उपग्रहांमध्ये आहे. खालचं पाणी, बर्फ कमीजास्त झालं की उपग्रहांमधलं अंतर बदलतं. त्यावरून कुठला भूजलसाठा आटतोय ते कळतं. हे घरी सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही, स्वानुभव आहे.

आजोबा_७१:

वाचून बरं वाटलं. तिसराबाक, तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायकेलसनचा इंटरफेरोमीटर असेलच. वर्षातून एकदा जर्नल पूर्ण करायला बाहेर निघतो तो. आधी त्याच्याशी आठवडाभर झटापट कर आणि मग ठरव.

लोकलप्रवासी:

आजोबांनी मर्मावर बोट ठेवलं. मायकेलसन यांनी या यंत्राचा प्रयोग पहिल्यांदा केला तो १८८१मध्ये, पोट्सडॅममध्येच! आधी बर्लिनला मांडला होता, पण मध्यरात्रीसुद्धा रस्त्याच्या हादऱ्यांनी काही दिसेना, म्हणून गाशा गुंडाळून पोट्सडॅमच्या वेधशाळेत नेला. तिथेही शंभर मीटरवर कुणी फरशीवर पाय आपटला तर जुळलेल्या किरणांचे काळे-उजळ पट्टे नाहीसे व्हायचे. त्या वेधशाळेची टेकडी गोल्मपासून सायकलच्या अंतरावर आहे. थिअरीवाला असूनही मी दोनदा जाऊन आलो, हे इनबुसताईंनी नोंदवून घ्यावं.

तिसराबाक:

आठ दिवसांनी वर काढतोय धागा. आजोबांचं ऐकलं. लॅब असिस्टंट काकांच्या मागे लागून इंटरफेरोमीटर मिळवला. एका आरशाचा स्क्रू गंजला होता, तेल घालून सोडवला. पहिले तीन दिवस नुसता लाल ठिपका. चौथ्या दिवशी संध्याकाळी वर्तुळं आली. काकांना हाक मारून दाखवली, ते म्हणाले, "दरवर्षी येतात."

पण स्थिर राहत नाहीत. दर थोड्या वेळाने थरथरतात आणि परत जागेवर येतात. मी हलत नाही, टेबलाला हात लावत नाही, पंखा बंद आहे.

इनबुस:

किती वेळाने थरथरतात ते घड्याळ लावून लिहून काढ. तासभर तरी. मग इमारतीत फिर आणि तेवढ्याच वेळाने काय होतंय ते बघ.

तिसराबाक:

साधारण अकरा-बारा मिनिटांनी एकदा. पाण्याचा पंप असेल का? की वरच्या मजल्यावरचं दार?

इनबुस:

मला काय विचारतोस? जाऊन पंपाला हात लावून बघ.